सोन्याचा मुलामा दिलेलं 'रोलेक्स'सारखं घड्याळ: दर्जा कसा ओळखायचा?

शंकासुर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आधीच सांगून ठेवतो, घड्याळ खरं नाही हे मला माहीत आहे. त्यामुळे "फसलात की राव" एवढंच लिहायला कुणी येणार असेल तर टंकायचे कष्ट वाचवा. मेहुण्याने दिलंय आणि देतानाच म्हणाला होता, "कॉपी आहे, पण भारी कॉपी आहे."

दिसायला रोलेक्स डे-डेट. सगळं पिवळंधमक, तबकडीसुद्धा सोनेरी. बाराच्या खाली वाराचं पूर्ण नाव, तीनपाशी तारीख आणि तिच्यावर भिंगाचा फुगवटा. पट्टा गोलसर कड्यांचा. सोबतच्या कागदावर '२४ कॅरेट गोल्ड प्लेटेड' असं छापलंय. पाच महिने जवळजवळ रोज वापरलं. दिवसाला अर्धा मिनिट पुढे जातं, ते मी चालवून घेतो.

आता चावीच्या बाजूला, पट्टा अडकतो त्या कानाच्या धारेवर रंग उडाल्यासारखा दिसतोय. मुलामा चांगला आहे की नाही हे घरच्या घरी कसं कळतं? २४ कॅरेट म्हणजे चांगलाच असणार ना? आणि एकूण घड्याळ खरंच भारी आहे, की मेहुण्यालाच कुणी टोपी घातली?

रिकामटेकडा | सोमवार, रात्री ९:५५

मेहुण्याने दिलंय म्हणजे तक्रार करायची सोय नाही. वाचतोय.

तिसरा काटा | सोमवार, रात्री १०:२०

मुलाम्याबद्दल जाणकार बोलतीलच, पण मुळातच एक गंमत आहे ती सांगतो.

रोलेक्सने डे-डेट १९५६ साली आणलं. तेव्हापासून ते १८ कॅरेट सोन्यात किंवा प्लॅटिनममध्येच बनतं. स्टीलचं डे-डेट विक्रीला नसतं आणि मुलामा दिलेलं तर नसतंच. कंपनीची दोन रंगी घड्याळं असतात त्यांना ती 'रोलेसोर' म्हणते, त्यातही पिवळा भाग भरीव सोन्याचा आणि बाकीचा स्टीलचा.

म्हणजे तुमच्या हातात ज्याची नक्कल आहे ते 'गोल्ड प्लेटेड डे-डेट' जगात कधी नव्हतंच. नक्कल आहे, पण अस्सल सापडणार नाही अशी! त्यामुळे अस्सलशी तुलना करून दर्जा ठरवायला गेलात तर पहिल्याच पायरीवर गाडी अडते.

शंकासुर | सोमवार, रात्री १०:३१

हे माहीत नव्हतं. पण मग मी तुलना कशाशी करू?

मुलामेवाला | सोमवार, रात्री ११:०५

माझा धंदाच पाणी चढवायचा. दागिने, मूर्ती, नळ, घड्याळांच्या केसेस, सगळं हौदातून जातं. तेव्हा माझ्या बाजूने सांगतो.

२४ कॅरेट हा आकडा आधी डोक्यातून काढा. कॅरेट म्हणजे शुद्धता. थर किती जाड आहे हे त्यातून काहीच कळत नाही. चोवीस कॅरेटचा थर केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढाही देता येतो आणि तो चोवीस कॅरेटच राहतो, कागदावरचा मजकूर खोटा ठरत नाही. उलट शुद्ध सोनं मऊ, म्हणून घासली जाणारी वस्तू असेल तर आम्ही हौदात किंचित कोबाल्ट किंवा निकेल मिसळून 'हार्ड गोल्ड' चढवतो. घड्याळावर २४ कॅरेट असं कौतुकाने लिहिलेलं दिसलं की लिहिणाऱ्याला मुलाम्यातलं कळत नाही, किंवा घेणाऱ्याला कळत नाही हे त्याला कळतं.

विचारायचं ते किती मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन. अमेरिकेच्या व्यापारी नियमांत 'गोल्ड इलेक्ट्रोप्लेट' म्हणवून घ्यायला किमान ०.१७५ मायक्रॉन लागतो आणि 'हेवी' म्हणायला २.५. ०.१७५ च्याही खालच्या थराला नुसती झळक म्हणतात. आमच्याकडे त्याला 'फ्लॅश' म्हणतात, काही सेकंद बुडवून काढलं की झालं. फोटोत फ्लॅश आणि वीस मायक्रॉन सारखेच चमकतात.

सोनं किती लागतं त्याचा हिशोब करून बघा. पट्ट्यासकट घड्याळाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटर धरू. त्यावर एक मायक्रॉनचा थर म्हणजे ०.०१ घन सेंटिमीटर. सोन्याची घनता १९.३, म्हणजे ०.१९३ ग्रॅम. फ्लॅश असेल तर तेच फार तर तीसेक मिलिग्रॅम. एवढ्या सोन्यावर अख्खं घड्याळ पिवळंधमक होतं, ही आमच्या धंद्याची जादू आणि बदनामी दोन्ही.

आता मला एकच सांगा. रंग उडालाय तिथे खालून कोणता रंग दिसतो? आणि थर झिजत झिजत गेलाय, की पापुद्रा निघाल्यासारखा तुटलाय? भिंग घेऊन बघा.

मृण्मयी_०७ | मंगळवार, सकाळी ८:१२

मुलामा म्हणजे हलकं, असा सूर लागायच्या आत आजोबांच्या घड्याळाबद्दल लिहिते. १९६० च्या दशकातलं स्विस घड्याळ, मुलाम्याचंच. मागच्या झाकणावर बारीक अक्षरांत 'प्लाके ऑर २० मायक्रॉन' (फ्रेंचमध्ये सोन्याचा मुलामा) कोरलंय आणि झाकण स्टीलचं आहे हेही लिहिलंय. आजोबांनी ते उभ्या आयुष्यात उतरवलं नाही, नंतर बाबांनी वापरलं, आता माझ्याकडे आहे. दोन कानांच्या टोकांवर पितळ डोकावतं, बाकी सोनं जागच्या जागी.

तेव्हा ओमेगा, लाँजिन्स, टिसो या सगळ्यांनी मुलाम्याची घड्याळं केली आणि जाडी सांगायला त्यांना लाज वाटली नाही. ज्याला दाखवण्यासारखं काही असतं तो आकडा लिहितो. शंकासुर, तुमच्या घड्याळाच्या मागे काय कोरलंय?

निकष | मंगळवार, सकाळी ८:४०

मृण्मयीताईंना +१. जुन्या सोव्हिएत घड्याळांवर 'एयू १०', 'एयू २०' असे शिक्के असत (एयू म्हणजे सोन्याची रासायनिक खूण), तेही मायक्रॉनच. आणि 'गोल्ड फिल्ड' किंवा 'रोल्ड गोल्ड' दिसलं तर ते हौदातलं काम नव्हे. सोन्याचा पत्रा उष्णता आणि दाबाने खालच्या धातूला जोडलेला असतो, मुलाम्यापेक्षा कितीतरी जाड. त्याला 'गिलिट' म्हणून हिणवणं हा अन्याय आहे.

शंकासुर | मंगळवार, दुपारी १:२५

मागे काहीच नाही. म्हणजे निळसर प्लास्टिकची फिल्म होती ती मी अजून काढली नव्हती (हसू नका). ती काढली तर खाली गुळगुळीत पिवळं झाकण. मायक्रॉन नाही, शिक्का नाही.

भिंगातून पाहिलं. धारेवर आधी चंदेरी पट्टा दिसतो आणि त्याच्या अगदी मधोमध लालसर पिवळं. पापुद्रा नाही, हळूहळू पुसट होत गेल्यासारखं. पट्ट्याच्या कड्या जिथे एकमेकींना घासतात तिथेही चंदेरी. आणि दोन कड्यांच्या फटीत काहीतरी हिरवट मेणासारखं साचलंय.

मुलामेवाला | मंगळवार, दुपारी २:१०

शाब्बास. तुम्ही घड्याळाचा छेदच घेऊन दाखवलात.

वरचं पिवळं ते सोनं. त्याखालचं चंदेरी ते निकेल. आणि मधोमध लालसर पिवळं ते पितळ. फटीतलं हिरवं म्हणजे घाम आणि पितळातलं तांबं यांची निर्मिती, कळकलेल्या भांड्यावर येतं तेच.

निकेल का देतात? पितळावर थेट सोनं चढवलं तर खालचं तांबं आणि जस्त हळूहळू सोन्यात झिरपतं आणि काही महिन्यांत वरची झळाळी मंदावते. निकेल मध्ये भिंतीसारखं उभं राहतं, शिवाय पृष्ठभाग आरशासारखा करून देतं. म्हणजे ज्याने हे केलं त्याने शिस्त पाळली, चोरी केली ती सोन्यात. पाच महिन्यांत धार उघडी पडते म्हणजे थर फ्लॅशच्याच घरातला, हे मी न मोजता सांगतो.

झिजणं आणि पापुद्रा निघणं यात जमीन-अस्मानाचा फरक. झिजलं म्हणजे थर पातळ होता, पण धरून होता. पापुद्रा निघाला, फोड आला, म्हणजे चढवण्याआधीची सफाई बोंबलली. स्टीलवर हे फार होतं. स्टेनलेस स्टीलच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडची न दिसणारी साय असते, म्हणून तर ते गंजत नाही, पण त्या सायीवर सोनंही बसत नाही. आधी आम्ली निकेलच्या हौदात ती साय मोडून लगेच पातळ निकेल धरवावं लागतं, मगच पुढे. ही पायरी गाळली की घड्याळ दुकानातून घरी पोचेपर्यंत सुंदर दिसतं.

एक बारकावा अजून. विजेच्या हौदात करंट टोकांकडे आणि धारांकडे धावतो, त्यामुळे तिथे सोनं जास्त बसतं आणि खोबणीत, कड्यांच्या आतल्या बाजूला कमी. तरी झिजतात आधी धाराच, कारण बाहीला, टेबलाला त्याच घासतात. पण तुम्हाला कारागिराची नियत बघायची असेल तर धार बघू नका. पट्ट्याचं बकल अडकतं त्या भागाच्या आतला कोपरा, दोन कानांच्या मधली जागा, चावीच्या दातांच्या तळाशी बघा. तिथेही रंग तोच आणि तेवढाच भरीव असेल तर माणसाने हौदात वेळ दिलाय. फिकट, हिरवट पिवळा दिसला तर घाई केलीय.

आगाऊ कार्टं | मंगळवार, दुपारी ३:०२

एवढं भिंगबिंग कशाला? लोहचुंबक लावा. चिकटलं तर खोटं, नाही चिकटलं तर सोनं. विषय संपला.

निकष | मंगळवार, दुपारी ३:३०

विषय संपत नाही. सोनं चुंबकाला चिकटत नाही, पितळही नाही, घड्याळात वापरतात ते ३१६एल किंवा ९०४एल स्टीलही नाही. म्हणजे तिघेही परीक्षेत पास. निकेलच्या थरामुळे किंवा आतल्या पिनांमुळे थोडी ओढ जाणवली तर त्यातून फार तर गोंधळ वाढेल.

चुंबकापेक्षा तराजू बरा. आमच्या घरात सराफीचा वारसा आहे, म्हणून हे अंगवळणी पडलेलं. पट्टा लहान करताना काढलेल्या कड्या असतील ना? त्या चार-पाच कड्या एकत्र, शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. मग दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबकळत ठेवून तोला, तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका म्हणजे बुडबुडे चिकटणार नाहीत. कोरड्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागा, ती घनता. १८ कॅरेट सोनं पंधराच्या वर येतं, पितळ साडेआठच्या आसपास, स्टील आठला, जस्ताचा मिश्रधातू पावणेसातच्याही खाली. अख्खं घड्याळ मात्र पाण्यात घालू नका. आत पोकळी असते, उत्तर चुकतंच, वर घड्याळही जातं.

आणि कुणी तेजाबाची कल्पना काढायच्या आत लिहितो. कसोटीच्या दगडावर घासून नायट्रिक आम्ल लावायची पद्धत भरीव सोन्यासाठी. मुलाम्याच्या वस्तूची घडणच अशी की दगडावर एक रेघ ओढताना तुमचा मुलामाच संपतो. परीक्षा झाली आणि परीक्षार्थी गेला!

गार्गी_के | मंगळवार, संध्याकाळी ६:१८

मला घड्याळातलं काही कळत नाही, पण 'निकेल उघडं पडलंय' हे वाचून थांबले. शंकासुर, मनगटाला खाज येते का?

निकेलची ॲलर्जी फार लोकांना असते आणि एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. मला अशाच एका कानातल्याने जडली, आता जीन्सचं बटणसुद्धा पोटाला टेकलं तर पुरळ येतं. युरोपात नियम आहे की कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. आणि वर मुलामा असेल तर तो निदान दोन वर्षं नेहमीच्या वापरात ही मर्यादा पाळू शकेल असा हवा. इथे पाच महिन्यांतच तळ दिसला.

शंकासुर | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

खाज येते. बकलाखाली लाल चट्टा आहे. मी घामोळं समजत होतो.

गार्गी_के | मंगळवार, संध्याकाळी ७:०९

काढून ठेवा. आजच. चट्टा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. नखाला लावायचं पारदर्शक रंगद्रव्य आतून फासायचा सल्ला कुणीतरी देईलच, ते चार दिवस टिकतं.

रिकामटेकडा | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

मी तोच सल्ला टंकत होतो. पुसला.

काटेकोर | मंगळवार, रात्री ९:१५

घड्याळदुरुस्ती हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. वरच्या सालीवर भरपूर बोलून झालं, जरा आत जाऊ.

शंकासुर, मोबाइलवर सेकंदकाट्याचं संथगती चित्रण करा आणि एका सेकंदात काटा किती टप्पे घेतो ते मोजा. अस्सल डे-डेटचं मशीन तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला आठ. सहा भरले तर तासाला २१,६००. एकच टप्पा असेल तर आत क्वार्ट्ज, म्हणजे सेलवर चालणारं मशीन आहे आणि मेहुण्याला विचारायला हवं. सहा म्हणजे वाईट असं मात्र नाही. सायकोचं एनएच३५ आणि मियोटाची ८२ मालिका ही मशीनं सहावरच चालतात आणि वर्षानुवर्षं कुरकुरत नाहीत.

मग रात्री जागा. अस्सलमध्ये मध्यरात्री वार आणि तारीख दोन्ही टप्पकन एकाच झटक्यात बदलतात. स्वस्त मशीनमध्ये तारीख दहा-अकरापासून सरकायला लागते, वार तिच्या मागून रेंगाळत येतो, आणि पहाटेपर्यंत खिडकीत अर्धा सोमवार अर्धा मंगळवार दिसत राहतो. या सरकायच्या वेळेत, म्हणजे ढोबळमानाने रात्री नऊ ते पहाटे तीन, चावी ओढून तारीख बदलू नका. दाते अडकलेले असतात, तुटतात. माझ्याकडे येणाऱ्या अशा घड्याळांत हेच जास्त.

चावी ओढल्यावर सेकंदकाटा थांबतो का? चावी पिळताना वाळू असल्यासारखं खरखरतं का? तारखेवरचं भिंग अस्सलमध्ये अडीच पट मोठं दाखवतं, तुमच्यात तारीख जेमतेम मोठी दिसत असेल तर ते नुसतं काचेचं टेंगूळ. काच नीलमण्याची आहे का हे बघायला पाण्याचा थेंब टाकतात, गोल गोळी होऊन बसला तर नीलमणी म्हणतात. मी त्यावर विसंबत नाही. काचेवर तेलाचा हात लागला असला तरी थेंब तसाच बसतो. हिरे तपासायची उष्णतेची पेन्सिल जास्त खात्रीची.

अर्धा मिनिट पुढे म्हणालात. क्रोनोमीटर म्हणवणाऱ्या, म्हणजे अचूकतेचं प्रमाणपत्र मिळालेल्या स्विस मशीनला दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद एवढीच सूट असते. रोलेक्स २०१५ पासून स्वतःला दोन सेकंदांत बांधून घेते. पण अर्धा मिनिट हा काही गुन्हा नाही, बहुतेकदा नुसतं नियमन न करता डब्यात भरलेलं असतं. ठोके मोजायच्या यंत्रावर लावून बघितलं आणि ॲम्प्लिट्यूड (आतलं झुलणारं चाक किती अंश फिरतं ते) अडीचशे अंशांच्या वर असेल तर पाच मिनिटांत जागेवर आणता येतं. दोनशेच्या खाली असेल तर आत तेल नाही किंवा कचरा आहे. नव्या नकलेत दोन्ही एकदम असतं, हा माझा अनुभव.

आणि 'पाणी चालतं' असं तबकडीवर लिहिलं असेल तर ते सजावट समजा. रबरी कडं बसवलेलं असतं, तपासलेलं नसतं.

शंकासुर | बुधवार, रात्री १०:५०

सगळा गृहपाठ केला.

टप्पे सहा. चावी ओढल्यावर सेकंदकाटा थांबतो. पिळताना खरखर नाही, पण आतला वजनाचा गोळा फिरताना पावसाळ्यातल्या पंख्यासारखा घरघरतो. तारीख काल पावणेअकराला हलायला लागली, वार सकाळी उठलो तेव्हा कुठे नीट बसलेला. भिंग टेंगूळच निघालं.

पट्ट्याच्या चार कड्या: कोरड्या १३.६० ग्रॅम, पाण्यात १२.०० ग्रॅम. १३.६ भागिले १.६ म्हणजे साडेआठ. निकष, हे पितळच ना?

निकष | बुधवार, रात्री ११:१२

पितळच. इतकी स्वच्छ घनता आमच्या दुकानात शिकाऊ पोराला आली असती तर वडिलांनी पाठ थोपटली असती.

हातात धरल्यावर ते जड का वाटत होतं हेही यात आलं. लोकांना जडपणा म्हणजे सोनं वाटतं, पण भरीव पितळाचं घड्याळही हलकं नसतं. १८ कॅरेटचं तेच घड्याळ जवळजवळ दुपटीच्या घरात गेलं असतं, आणि तो फरक एकदा हातात घेतलेला माणूस विसरत नाही.

थर मोजायचाच असेल तर ओळखीच्या सराफाकडचं एक्स-रेचं यंत्र, एक्सआरएफ म्हणतात ते. मात्र ते काय दाखवतं हे समजून घ्या. त्याचे किरण सोन्यात फार तर आठ-दहा मायक्रॉनपर्यंतची बातमी आणतात. मृण्मयीताईंच्या वीस मायक्रॉनच्या घड्याळावर ते बिनदिक्कत 'सोनं' म्हणेल, कारण त्याला तळच लागणार नाही. फ्लॅशवर मात्र तांबं, जस्त, निकेल सगळं एकदम ओरडून सांगेल आणि सोनं कोपऱ्यात दिसेल.

तिसरा काटा | गुरुवार, सकाळी ९:३०

सोनेरी रंगाच्या घड्याळांत हल्ली पीव्हीडी असते, तिचा उल्लेख राहिला. निर्वात पेटीत धातूची वाफ करून थर बसवतात. बहुतेकदा खाली टायटॅनियम नायट्राइड असतं, ज्याचा स्वतःचाच रंग सोनेरी आहे, सोन्याचा कणही नसताना! विकर्स मापावर त्याची कठीणता दोन हजारांच्या वर, स्टील दोनशेच्या आसपास. वर रंगापुरतं खरं सोनं. जाहिरातीत '२एन', '३एन' असं दिसलं तर ती सोन्याच्या छटेची प्रमाणित नावं आहेत, जाडीशी त्यांचा संबंध नाही. आकडा वाढत गेला की छटा लालीकडे जाते. रोज वापरायला स्टीलवरची बरी पीव्हीडी पितळावरच्या फ्लॅशपेक्षा कितीही चांगली. खरचटली तर मात्र पुन्हा चढवणं सोपं नसतं.

मृण्मयी_०७ | गुरुवार, सकाळी ९:५२

पण आजोबांच्या घड्याळासारखी ती म्हातारी होत नाही. एकतर नवी असते नाहीतर ओरखडलेली. मुलामा झिजतो तो माणसाच्या हाताप्रमाणे. बाबांना घड्याळ उलट्या हातात घालायची सवय होती, त्यांची झीज वेगळ्या कानावर आहे. (अवांतर झालं, क्षमस्व.)

आगाऊ कार्टं | गुरुवार, दुपारी १२:४०

मग सोपं आहे. मुलामेवाल्यांकडून जाडजूड मुलामा मारून घ्या आणि विकून टाका कुणाला तरी. 'भारी कॉपी' आणखी भारी.

काटेकोर | गुरुवार, दुपारी १:१५

नको. दुसऱ्याचं नोंदणीकृत चिन्ह लावलेली वस्तू विकणं बहुतेक देशांत गुन्हा आहे, 'कॉपी आहे' असं सांगून विकली तरी. सीमाशुल्कवाले अशा वस्तू जप्त करतात ते त्याचमुळे. स्वतः वापरणं आणि बाजारात सोडणं यात फरक करा. माझ्याकडे कुणी अशा घड्याळाची तबकडी 'अस्सल दिसेल अशी' करून मागितली तर मी हात जोडतो. तेल घालून देतो, तेवढंच.

शंकासुर | गुरुवार, रात्री ८:३३

विकणार नाहीच. मेहुणा दिवाणखान्यात आला की आधी मनगटाकडे बघतो.

मुलामेवाला, पुन्हा पाणी चढवून घेण्यात अर्थ आहे का? निकेलशिवाय?

मुलामेवाला | गुरुवार, रात्री ९:५०

होतं. पण प्रामाणिकपणे सांगतो, तुमच्या घड्याळाच्या किमतीपेक्षा माझी मजुरी जास्त होईल.

आधी मशीन बाहेर काढायचं, काच काढायची, पट्टा कडी-कडी सुटा करायचा. जुना थर उतरवायचा. मग बफिंग, म्हणजे चाकावर घासून चकाकी आणणं. मुलामा खड्डा भरत नाही, ओरखडा झाकत नाही, खाली जे आहे ते जास्त चमकवून दाखवतो. म्हणून सगळी मेहनत सोन्याच्या आधीची. आणि प्रत्येक बफिंगला धारा बोथट होतात. डे-डेटच्या कडेला ती खाचांची नक्षी असते ना, ती तिसऱ्या बफिंगनंतर आइस्क्रीमसारखी वितळलेली दिसते. तुमच्या घड्याळातल्या खाचा आत्ताच मऊ असतील, बघा. अस्सलमध्ये खाचांची प्रत्येक कड स्वतंत्र उजेड फेकते, कारण त्या भरीव धातूत कापलेल्या असतात आणि वर काही चढलेलं नसतं.

निकेलऐवजी पॅलेडियमचा किंवा पांढऱ्या ब्राँझचा थर देता येतो. ॲलर्जीवाल्यांसाठी आम्ही तेच करतो. त्यावर पाच मायक्रॉन हार्ड गोल्ड दिलं तर रोजच्या वापरात काही वर्षं जातील. पण आतलं मशीन घरघरतंय म्हणालात. घरघरणाऱ्यावर पाच मायक्रॉन घालायला माझा हात धजत नाही.

त्यापेक्षा पट्टा बदला. कातडीला लागतो तो मुख्यतः पट्टा आणि मागचं झाकण. चामड्याचा पट्टा घ्या, झाकणाखालूनही चामडं जाईल असा, एक सलग पट्टी असते तो. सोनेरी पट्टा डब्यात ठेवा. अत्तर, घाम, पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन यांपासून लांब. पुसायला कोरडं मऊ कापड बास, चांदीची पावडर लावाल तर उरलंसुरलं पाणी पावडरीबरोबर जाईल.

शंकासुर | शनिवार, दुपारी ४:२०

आज सराफाकडे यंत्रावर लावून आणलं, उत्सुकता स्वस्थ बसू देईना. झाकणाच्या मध्यावर: तांबं सगळ्यात जास्त, मग जस्त, मग निकेल, सोनं शेवटी. बकलाच्या आतल्या कोपऱ्यात सोनं त्याहूनही कमी, जवळजवळ नाहीच. मुलामेवाल्यांनी सांगितलं होतं तसंच. सराफाने वर बघून विचारलं, "हे कुणी दिलं?" मी म्हटलं, "मेहुण्याने." तो म्हणाला, "मग ठीक आहे."

डॉक्टरांनी मलम दिलंय, चट्टा उतरतोय. खालून जाणारा चामड्याचा पट्टा आणला. पण दोन कानांमधली जागा मोजायची राहिली, २० मिलिमीटरचा पट्टा आत डुगडुगतोय. पाव मिलिमीटर कमी नाही, अख्खा एक कमी आहे. २१ चा मिळतो का कुठे?

काटेकोर | शनिवार, दुपारी ४:५८

मिळतो, पण कमी. २२ चा घेऊन कडेने अर्धा अर्धा कापा, चामड्याला चालतं. कापलेल्या कडेला मेण चोळा.

रिकामटेकडा | शनिवार, संध्याकाळी ५:१०

आणि ती निळी फिल्म परत चिकटवा. झाकण कातडीपासून लांब राहील.

गार्गी_के | शनिवार, संध्याकाळी ५:१४

नका हो. फिल्मखाली घाम साचेल.